शेपरचं फीड आणि सोळा चित्रांचा पैलवान

(सुरुवातीला दहा-बारा सेकंद टक-टक-टक-टक असा आवाज.)

आवाज ओळखा बघू. शिलाई मशीन? नाही. सायकलचं पायडल उलटं फिरवल्यावर येतो तसला? हां, जवळ आलात. का जवळ आलात ते पुढं कळेल. हा आवाज माझ्या मांडीवर ठेवलेल्या एका सागवानी पेटीचा आहे. पेटीला एका बाजूला हँडल आहे, पुढं पितळी नळी आहे आणि हँडल फिरवलं की नळीतून उजेड बाहेर पडतो. समोरच्या पांढऱ्या कापडावर एक पैलवान शड्डू ठोकतो. एका सेकंदात एकदा. तुम्ही फिरवत राहाल तोवर ठोकत राहतो.

आजचा भाग या पेटीवर.

पण आधी थोडं मागं जाऊ. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात मी 'आयर्न मॅन'मधला आर्क रिॲक्टर केला होता. २००८ च्या सिनेमात टोनी स्टार्क गुहेत कैदेत असतो आणि भंगारातून छातीत बसवायचं ते गोल, निळसर चकाकणारं यंत्र बनवतो, तो. ॲक्रिलिकच्या चकत्या, तांब्याची तार, अकरा एलईडी. होस्टेलवर नाद खुळा झाला होता. लाइट बंद करून शर्टाच्या आत घालून फिरायचो. खरं सांगायचं तर त्यात इंजिनिअरिंग काही नव्हतं. एलईडी, रेझिस्टर आणि बॅटरी, संपला विषय. दिसायला भारी, आतून टॉर्च. पण त्याचे फोटो सगळीकडे फिरले आणि आमच्या गल्लीत माझं नाव 'लायटीवाला' पडलं ते पडलंच.

गेल्या वर्षी गणपतीच्या सव्वा महिना आधी मंडळाचे अध्यक्ष घरी आले. मी लॅपटॉपवर, मीटिंग चालू, कानात हेडफोन. त्यांनी हेडफोनची एक बाजू उचलली आणि म्हणाले, "भावा, यंदा तांत्रिक देखावा. विषय बाबूराव पेंटर. कॅमेरा तू करायचास. आणि लायटी पेटल्या पाहिजेत."

कॅमेऱ्यात लायटी कशाला, असं विचारायची सोय नव्हती. देखावा म्हटलं की लायटी.

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी थांबून सांगतो, कारण कोल्हापूरबाहेर हे नाव फार जणांना माहीत नसतं. आणि खरं बोलायचं तर कोल्हापुरातसुद्धा आमच्या पिढीला खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ माहीत असतो, तो कशाचा ते नसतं. मी शाळेत असताना रोज तिथून जायचो. मला वाटायचं फोटो स्टुडिओची जाहिरात आहे.

तर बाबूराव कृष्णराव मिस्त्री. जन्म १८९०, कोल्हापूर. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे म्हणून 'पेंटर'. त्यांचे नात्यानं भाऊ लागणारे आनंदराव, तेही पेंटर. साधारण १९१० ते १९१६ या काळात या दोघांच्या पडद्यांना मोठं नाव होतं. मग १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आता सिनेमा काढायचा तर कॅमेरा पाहिजे. फाळक्यांनी तो लंडनहून आणला होता. या दोघांनी ठरवलं, आपला आपण करायचा.

आपला आपण! कोल्हापुरात, १९१३-१४ साली. यूट्यूब नाही, डेटाशीट नाही, रात्री अकराला ऑर्डर केलं की परवा दारात असला प्रकार नाही. वर पहिलं महायुद्ध चालू.

१९१६ मध्ये आनंदराव वारले. कॅमेरा अर्धवट. पुढं बाबूरावांनी त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन तो पुरा केला, आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते या सिनेमावरून. त्याच कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम पुढं १९२९ मध्ये बाहेर पडले आणि कोल्हापुरातच त्यांनी 'प्रभात' काढली. म्हणजे मराठी सिनेमाचं अर्धं घराणं त्या एका पेटीतून निघालंय म्हणा ना.

मी अध्यक्षांना हो म्हटलं. काय करायचं याचा प्लॅन तासाभरात डोक्यात तयार. हुबेहूब त्यांचाच कॅमेरा असा दावा आम्ही कधीच केला नाही. त्या काळच्या हातानं फिरवायच्या कॅमेऱ्याचं रूप घ्यायचं, सागवानाची पेटी, पितळेची नळी, लाकडी तिकाटणं. आणि आत दिवा टाकून त्यातनं चित्र बाहेर पाडायचं. कॅमेऱ्यातून चित्र बाहेर कसं पडेल असं कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं. ल्युमिएर बंधूंचं १८९५ चं यंत्र कॅमेराही होतं आणि प्रोजेक्टरही. एकच पेटी दोन्ही कामं करायची. त्यामुळं आमची चोरी अगदीच निराधार नव्हती.

चित्रं मी अशी केली. तालमीतल्या एका पोराला लाल मातीत उभा केला, शड्डू ठोकायला लावला आणि फोनवर शूट केलं. एका सेकंदाचे तीसेक फ्रेम मिळतात, त्यातले एकाआड एक करून सोळा निवडले. सोळा का, तर मूकपटाच्या काळात सेकंदाला सोळा चित्रं हा साधारण वेग. कॅमेरामन हँडल सेकंदाला दोनदा फिरवायचा, एका फेरीत आठ चित्रं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात बरोबर सोळा चित्रं बसतात. म्हणजे सेकंदाला एक फूट. हजार फुटांचं रीळ साडेसोळा-सतरा मिनिटं चालणार. मोटर नाही, हातानं. मी घरात नुसता हात हवेत फिरवून बघितला, सेकंदाला दोन फेऱ्या, एका लयीत. तीन मिनिटांत खांदा भरून आला. त्या लोकांचं समोरच्या नटाकडं लक्ष, प्रकाशाकडं लक्ष, आणि हात आपला घड्याळासारखा.

सोळा चित्रं पारदर्शक शीटवर छापली आणि गोल तबकडीवर कडेकडेनं चिकटवली. तबकडी साधारण सहा इंचांची. हँडल दोनदा फिरलं की तबकडी एकदा. मागं दहा वॅटचा एलईडी, पुढं भिंग.

आता माझ्या सॉफ्टवेअरवाल्या डोक्यातली आयडिया ऐका. तबकडी सलग फिरू द्यायची. प्रत्येक चित्र भिंगासमोर आलं की सेन्सरनं ओळखायचं आणि एलईडी एकदाच चमकवायचा, एक मिलिसेकंद. डोळ्याला चित्र थांबल्यासारखं दिसतं. लग्नाच्या डीजेसमोर स्ट्रोब लाइटमध्ये नाचणारी माणसं थांबून थांबून हलतात ना, तेच. यांत्रिक भानगड शून्य. सगळं कोडमध्ये.

पाच रात्री बसलो. चारशे ओळींचा कोड. चालवलं.

कापडावर काही दिसेना.

म्हणजे दिसत होतं, पण पूर्ण अंधार केल्यावर, नाक कापडाला लावल्यावर. गणित आता करा माझ्याबरोबर. सेकंदाला सोळा वेळा एक-एक मिलिसेकंद म्हणजे हजारातले सोळा. दिवा सेकंदाच्या साठाव्या भागापुरताच पेटतोय. दहा वॅटचा दिवा घेऊन मी देवघरातल्या निरांजनाशी स्पर्धा करत होतो. बरं, चमक लांबवली, पाच मिलिसेकंद केली, तर उजेड वाढला पण पैलवान पुसट. कारण तबकडीवरची चित्रांची पट्टी सेकंदाला साधारण चाळीस सेंटिमीटर पळतेय. एका मिलिसेकंदात ती ०.४ मिलिमीटर सरकते, पाचात दोन मिलिमीटर. कापडावर चित्र दहापट मोठं होतं, म्हणजे तिथं दोन सेंटिमीटरचा फराटा. पैलवानाला सहा हात.

उजेड पाहिजे तर चित्र फिसकटतंय, चित्र पाहिजे तर उजेड जातोय. मी काय केलं? जे आम्ही ऑफिसात करतो तेच. कोड वाढवला. हाताचा वेग ओळखायचा, पुढचं चित्र कधी येणार याचा अंदाज बांधायचा. सहाशे ओळी झाल्या. पैलवानाचे सहाचे चार हात झाले. यालाच आम्ही प्रोग्रेस म्हणतो.

माझे पप्पा टर्नर आहेत. शिवाजी उद्यमनगरमध्ये त्यांचा भाड्याचा गाळा. माझ्या जन्माच्या आधीपासून. लेथ, ड्रिल, शेपर, एवढ्यावर माझं बीटेक झालं. लहानपणी सुट्टीत मी गाळ्यावर जायचो, पण दहावीनंतर त्यांनीच येऊ दिलं नाही. "तिकडं नगं. अभ्यास कर." हात काळे करायचे नाहीत, ही घरातली एकमेव अट होती. मीही पाळली. घरापासून गाळा तीन किलोमीटर. मी घरातूनच काम करतो, दिवसभर कोल्हापुरात असतो आणि तरी गाळ्यात पाय टाकून मला किती वर्षं झाली होती हे मला सांगता येईना.

पितळी नळी फिरवून घ्यायला गेलो, म्हणून गेलो. पप्पांनी पेटी हातात घेतली, उलटीपालटी केली, हँडल फिरवलं.

"चित्र का हलतंय?"

मी सुरू झालो. सेन्सर, लेटन्सी, प्रेडिक्शन. ते ऐकत होते, कापसाच्या बोळ्यानं हात पुसत. माझं संपल्यावर म्हणाले, "ते समदं खरं. पर तबकडी थांबत का न्हाई?"

"पप्पा, ती फिरायला पाहिजे."

"फिरायला पाहिजे. थांबाय बी पाहिजे. चित्र बघायचंय तर थांबव की तिला. चालत्या एसटीचा बोर्ड वाचतोयस व्हय?"

आता हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं. याच शब्दांत नाही, पण सिनेमाच्या कॅमेऱ्यावरच्या कुठल्याही माहितीत पहिल्या परिच्छेदात असतं. फिल्म सलग पळत नाही. आत एक पंजा असतो, तो फिल्मच्या कडेच्या भोकांत घुसतो, एका चित्राएवढी खाली ओढतो, बाहेर निघतो, वर जातो. तेवढा वेळ फिल्म निवांत उभी असते आणि तेव्हाच झडप उघडते. फिल्म हलताना झडप बंद, थांबल्यावर उघडी. सेकंदाला सोळा वेळा पळ-थांब, पळ-थांब. कॅमेरा म्हणजे हे. भिंग आणि पेटी तर साध्या फोटोच्या कॅमेऱ्यालाही असते. पेंटर बंधू आणि दामल्यांना जे घडवायचं होतं त्यातला सगळ्यात नाजूक भाग हाच. एका सुताचाही फरक चालत नाही, एका केसाचाही नाही. पंजा थोडा इकडं-तिकडं झाला की चित्र थरथरतं नाहीतर फिल्म फाटते. मी हे वाचलं होतं, देखाव्याच्या फलकासाठी त्यावर चार ओळी लिहूनही दिल्या होत्या. आणि माझ्या पेटीत ते घालायचं मला सुचलं नव्हतं. मला वाटलं, आता आपल्याकडं कोड आहे, त्याची गरज नाही.

पप्पा म्हणाले, "ह्ये तर शेपरचं फीड हाय."

शेपर म्हणजे काय ते सांगतो. सपाट पृष्ठभाग रंधल्यासारखा तासायचं मशीन. टूल पुढं-मागं जातं आणि टूल मागं आलं की दर वेळी खालचं टेबल एक पाऊल बाजूला सरकतं. ते पाऊल कसं टाकलं जातं? एक दातेरी चाक असतं, त्यावर एक खिट्टी. मशीनच्या शाफ्टवर मध्यापासून सरकवून बसवलेली एक चकती खिट्टीला मागं-पुढं हलवते. पुढं जाताना खिट्टी एक दात ढकलते, मागं येताना दातावरून नुसती घसरते. टक. मघाचा आवाज आठवला? सायकलच्या मागच्या चाकातही खिट्टीच असते.

"त्ये बघ," म्हणून पप्पांनी कोपऱ्याकडं बोट केलं.

मी बघितलं. तिथं काही नव्हतं. जमिनीत चार बोल्ट होते, मधे तेलाचा काळा चौकोन.

"गेलं की ते," त्यांचं त्यांनाच आठवलं. "जेठात दिलं."

मला माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाले, कामं सीएनसीवाल्यांकडं गेली, शेपरवर कोण तासतंय आता. दसऱ्याला गाळाही सोडायचाय, मालकाला सांगून झालंय, लेथला गिऱ्हाईक बघितलंय. आईला माहीत होतं. मला का नाही सांगितलं? "तुझं काम असतंय दिवसभर. मीटिंगा असत्यात." यात टोमणा नव्हता, हे जास्त वाईट.

त्या दिवशी आम्ही यावर काही बोललो नाही. पप्पांनी मागच्या बिलाच्या कागदावर पेन्सिलीनं चित्र काढून शेपरचं फीड समजावून दिलं. तो कागद माझ्याकडं आहे.

मग तीन आठवडे मी रोज संध्याकाळी सात वाजता लॅपटॉप मिटायचो आणि गाळ्यावर जायचो. हा भाग मी थोडा रेंगाळून सांगणार आहे, कंटाळा आला तर पुढं ढकला.

पहिलं दातेरी चाक. सोळा दात, समान अंतरावर. शेजारच्या गाळ्यातल्या काकांकडं मिलिंग मशीन आणि त्यावर डिव्हायडिंग हेड आहे. हे यंत्र मी कॉलेजात परीक्षेपुरतं शिकलो होतो. हँडल चाळीसदा फिरवलं की जॉब एकदा फिरतो. सोळा दात पाहिजेत तर चाळीस भागिले सोळा, अडीच. म्हणजे एक दात कापायचा, हँडल अडीच फेऱ्या, पुढचा दात. अर्धी फेरी मोजायला भोकांची प्लेट असते, सोळा भोकांच्या वर्तुळात आठ भोकं पुढं. मी फोनमधला कॅल्क्युलेटर काढेपर्यंत काकांनी पिन लावली होती. पितळेचा चुरा उडत होता, पिवळा धमक. सोळाव्या दातानंतर हँडल फिरवल्यावर टूल बरोबर पहिल्या खाचेत आलं तेव्हा माझ्या तोंडून शिट्टी गेली. काका म्हणाले, "यायलाच पाहिजे. न्हाय आलं तर घाबरायचं."

हँडलच्या एका फेरीला आठ पावलं पाहिजेत. त्यासाठी गिअर, एकास दोन आणि एकास चार, मिळून आठ. हे भंगारात मिळाले. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून नवे मागवले होते, ते आले तेव्हा दातांची संख्याच वेगळी होती. परत पाठवायची भानगड अजून चालू आहे.

खिट्टी बसवली, फिरवलं, आणि नवीन दुखणं. पाऊल पडल्यावर तबकडी थांबायची, पण थरथरून. जोरात फिरवलं तर एकदम दोन दात पुढं. पैलवान शड्डू न ठोकताच हात खाली घ्यायचा. सेकंदाला सोळा वेळा धक्का देऊन थांबवायचं, जडपणा आड येणारच. इथं मी पुन्हा म्हणालो, सेन्सर लावून दुरुस्त करू का? पप्पांनी उत्तर न देता डब्यातून एक जुनं बेअरिंग काढलं, फोडलं, त्यातला एक छर्रा घेतला. बॉलपेनची स्प्रिंग माझ्या खिशातली. चाकाच्या बाजूला सोळा उथळ खळगे पाडले. स्प्रिंगनं दाबलेला छर्रा प्रत्येक पावलाला एका खळग्यात बसतो आणि तबकडीला धरतो. तुमच्या घरातल्या जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरची कळ टक टक अडकते ना, तसंच. थरथर गेली. छर्रा आणि बॉलपेनची स्प्रिंग. माझ्या सहाशे ओळी.

झडप म्हणजे अर्धी चकती, तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेली. खिट्टी हलवणाऱ्या शाफ्टवरच बसवली, म्हणजे वेगळं जुळवायला नको. तबकडी सरकताना पत्रा दिव्याच्या आड, थांबली की बाजूला. दिवा आता सलग पेटलेला. प्रत्येक चित्राला साधारण एकतीस मिलिसेकंद उजेड, पूर्वी एक मिळत होता. एकतीसपट! गाळ्याच्या शटरवर पांढरं धोतर लावलं, ट्यूब बंद केली, पप्पांनी हँडल फिरवलं.

पैलवान. दोन हातांचा. मांडीवर थाप. पुन्हा. पुन्हा.

आम्ही दोघंही काही बोललो नाही. शेजारचे काका आले, त्यांनी फिरवलं. मग त्यांचा कामगार. मग चहावाला. चहावाल्यानं विचारलं, "आवाज कुठनं ऐकायचा?"

कोडचं पुढं काय झालं सांगतो. बारा ओळी उरल्या. फिरवणं थांबलं तर दोन सेकंदांनी दिवा बंद करायचा, एवढंच काम. कारण थांबलेल्या चित्रावर दहा वॅटचा दिवा राहिला तर शीट वाकडी होते. त्या काळी तर फिल्मच पेट घेणाऱ्या मसाल्याची असायची, नायट्रेटची. प्रोजेक्टरमध्ये अडकली की जळायची. बारा व्होल्टची सात अँपिअर-अवरची बॅटरी एका रात्रीला पुरते.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की कोल्हापूर देखावे बघायला बाहेर पडतं. पहिल्या रात्री आमच्या मांडवात पेटीसमोर रांग. बाबूरावांचा पुतळा, मागं पडदा, पुढं कॅमेरा, प्रत्येकानं दहा सेकंद फिरवायचं. एक चार-पाच वर्षांची मुलगी बापाच्या कडेवरून खाली उतरली आणि तिनं हँडल उलटं फिरवलं.

पैलवान विरघळला. नुसता लालसर फराटा.

मला घाम फुटला. उलटं फिरवून मी बघितलंच नव्हतं! कारण लगेच कळलं. खिट्टी मागं-पुढं हलते, हँडल कुठल्याही बाजूला फिरवा, ती तबकडी एकाच दिशेनं ढकलणार. पण पत्र्याची वेळ उलटी होते. तबकडी सरकताना झडप उघडी आणि थांबल्यावर बंद. जे लपवायचं तेवढंच बरोबर दिसतंय. आम्ही ऑफिसात यासाठी माणसं ठेवलेली असतात, चुकीचं बटण दाबून बघणारी. इथं ती बाप्पानं पाठवली, फ्रॉक घालून.

पप्पा मागं उभे होते. "टेस्टिंग केलंवतंस न्हवं?" हे मात्र टोमणा होतं.

रात्री दीडला गर्दी ओसरल्यावर आम्ही पेटी स्कूटरवर घालून गाळ्यावर नेली. हँडलच्या शाफ्टवर आणखी एक छोटी खिट्टी, उलटं फिरूच नये म्हणून. पप्पा लेथवर, मी टॉर्च धरून. साडेतीन वाजले. मधेच त्यांनी विचारलं, "त्यो जो गेला मधेच, कॅमेरा हुयाच्या आदी, त्येंचं नाव काय?"

"आनंदराव."

"त्येनं किती केलंवतं?"

कुठला भाग कुणी केला, पंजा कुणाच्या हातचा होता, गिअर कुणी कापले, अशी वाटणी माझ्या वाचनात आली नव्हती. मी म्हटलं, सुरुवात दोघांनी मिळून केली होती.

पप्पांनी टूल मागं घेतलं, शाफ्ट बोटानं चाचपला. "मंग केलंच की त्येनं," म्हणाले आणि परत मशीन चालू केलं.

विसर्जनाच्या दिवसापर्यंत पेटी बंद पडली नाही. पावसात दोनदा मांडवाची वीज गेली, तेव्हा सगळ्या देखाव्यात तेवढाच उजेड होता, बॅटरीवरचा. हँडलचा लाकडी दांडा हातांनी फिरून फिरून गुळगुळीत झालाय.

खंडेनवमीला पप्पांनी लेथची पूजा केली, नेहमीसारखी. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. मी पहिल्यांदाच हजर होतो, शाळेनंतर. दसऱ्यानंतर चार दिवसांनी टेम्पो आला आणि लेथ गेलं. टेम्पोवाल्याला पप्पा तीन-तीनदा सांगत होते की बेडवर पाय ठेवू नका. नंतर त्यांनी गाळा झाडून घेतला, किल्ली दिली आणि आम्ही चालत घरी आलो. तीन किलोमीटर. रिक्षा घ्यायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आता गच्चीवरच्या खोलीत एक व्हाइस, कानशी, मायक्रोमीटर आणि हातड्रिल आहे. पेटीही तिथंच. पंधरा दिवसांनी एकदा ते तिला तेल घालतात, मशीनचं, दोन थेंब, जास्त नाही. जास्त घातलं की चित्रांवर उडतं.

गेल्या रविवारी माझ्या कपाटातला तो जुना आर्क रिॲक्टर त्यांच्या हाती लागला. बॅटरी घालून दिली. ते बराच वेळ बघत बसले, निळा उजेड चष्म्यावर पडलेला. मग पालथा केला, कानाजवळ नेऊन हलवला.

"ह्यात काय फिरत न्हाई?"

म्हटलं, "न्हाई पप्पा. नुसत्या लायटी."

"मंग उघड की. बघू काय करता येतंय."

(पुन्हा टक-टक-टक. हळूहळू थांबतं.)